पाप कुणाचं, दुखलं कुणाला

श्रावणातली गोष्ट. खालच्या मजल्यावरच्या मुलाचा वाढदिवस होता आणि शेजारच्या काकूंनी आग्रहाखातर केकचा एक तुकडा तोंडात टाकला. केक बिनअंड्याचा आहे असंच सगळे धरून चालले होते. तासाभराने मुलाची आई ओशाळत वर आली. दुकानात डब्यांची अदलाबदल झाली होती, या केकमध्ये अंडं होतं. काकूंचा चेहरा खाडकन उतरला. चातुर्मासात कांदा-लसूणही घरात न आणणारी बाई. आधी त्या बेसिनपाशी उभ्या राहून कितीतरी वेळ चुळा भरत राहिल्या, मग देवघरासमोर बसून रडल्या. ते रडणं खरं होतं. पदराने नाक पुसत मला म्हणाल्या, "उभ्या जन्मात कधी शिवले नाही गं, आणि आता या वयात हे पाप." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते. तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी पोळ्या आटपून, ओले हात साडीला पुसत दारात येऊन थांबल्या. महिना भरला होता. काकूंनी डोळे कोरडे केले, कपाटातून पाकीट काढलं, नोटा मोजल्या आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "लेकीच्या तापात खाडे झाले ना तुझे, तेवढे कापलेत हं." मावशींनी पैसे न मोजताच कनवटीला खोचले, "बरं" म्हणाल्या, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेल्या. काकू पुन्हा देवाकडे वळल्या.

लेकीला डेंग्यू झाला होता. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

काकूंना दुष्ट ठरवून मोकळं होता आलं असतं तर मला हे लिहावंच लागलं नसतं. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा रात्र रात्र तिच्या उशाशी बसलेली हीच बाई. सकाळी गॅलरीत तांदळाच्या कण्या टाकल्याशिवाय स्वतः चहा घेत नाही. म्हणजे माया आहे, आणि पापाची भीती तर भरपूर आहे. तरीही त्या संध्याकाळी, एकाच खोलीत, पाच मिनिटांच्या अंतराने, ज्या गोष्टीने जगात कुणाचंही काही बिघडलं नव्हतं तिच्यासाठी त्या रडल्या, आणि जिच्याने एका घरातलं महिन्याचं गणित कोलमडणार होतं ती करताना त्यांचा आवाजही बदलला नाही. हे कसं होतं? चांगल्या माणसाच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींना न भेटता कशा राहतात? तेव्हापासून हा प्रश्न मला सोडत नाही.

आपल्यातल्या बहुतेकांना पापाची ओळख अशीच झाली. पुस्तकाला पाय लागला, पाप. ताटात अन्न टाकलं, पाप. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, म्हणून मांजर समोर आलं की आम्ही पोरं श्वास रोखून बाजूला व्हायचो. माझं आजोळ अलिबागचं. आजीचं सोवळं कडक. तिच्या ओलेत्याला हात लागला तर ती पुन्हा विहिरीवर जायची, आणि रहाटाचा तो करकर आवाज ऐकला की आमच्यापैकी कुणीतरी अपराध केलाय हे घरभर कळायचं. पण याच आजीचा आणखी एक नियम होता, तो कुठल्या पोथीत मला सापडलेला नाही. तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर घरातून पैसा बाहेर द्यायचा नाही, लक्ष्मी जाते, हे ती मानायची. म्हणून वाडीत नारळ काढायला माणूस आला की चार वाजल्यापासून तिची घालमेल सुरू व्हायची. दिवा लागायच्या आत त्याची मजुरी त्याच्या हातात पडली पाहिजे. एकदा मोजदाद लांबली, अंधारून आलं, तर तिने आईला सांगितलं, "दिवा थांबव जरा." देवापुढचा दिवा थांबला. त्या माणसाने नोटा मुंडाशात बांधल्या आणि मगच समई लागली. नंतर आईने विचारलं तर म्हणाली, "त्याची चूल माझ्या दिव्यासाठी थांबवू? कष्टाच्या माणसाचा तळतळाट घेऊन लक्ष्मी घरात ठेवायची होय?" मला आजीचं सोवळं कधीच पटलं नाही. दिवा थांबवणारी आजी मात्र अजून माझ्याबरोबर आहे.

गुरुवार पेठेतून जाताना पंचहौदाच्या चर्चचा उंच मनोरा दिसतो. तिथला चहा पुणेकरांना सांगायला नको. 1890 साली मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटं आली, गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली, आणि न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले यांच्यासकट कितीतरी जणांवर ग्रामण्य, म्हणजे धर्म बुडवला म्हणून वाळीत टाकायचं प्रकरण, उभं राहिलं. फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली. कुणी प्याला होता, कुणी कप नुसता हातात धरला होता, यावर विद्वानांचे महिने खर्ची पडले. घरच्या कार्याला भटजी मिळेनात. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही पुढे 1892 साली प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचे बोल सोसले. वाळीत पडलेल्या मित्रांच्या घरची कोंडी फुटावी म्हणून त्यांनी मान तुकवली, असं त्यामागचं कारण सांगतात. मला रानड्यांचं ते प्रायश्चित्त फार गुंतागुंतीचं वाटत आलंय. पाप झालं असं त्यांना वाटत नसणार, पण दुसऱ्याचे हाल थांबावेत म्हणून त्यांनी पाप केल्याचा विधी पार पाडला. सुधारकांचा राग समजतो. मला स्वतःला मात्र त्यात कमीपणा दिसत नाही.

पण माझं मन त्या चहावर थांबत नाही, ते त्याच्या शेजारच्या तारखांकडे जातं. त्याच 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीचा खटला गाजत होता. तिशी ओलांडलेल्या नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीत ती रक्तस्राव होऊन मेली. तेव्हाच्या कायद्यात संमतिवय दहा होतं, ती दहाच्या पुढे गेलेली, म्हणून बलात्काराचा आरोप टिकला नाही. नवऱ्याला झाली एक वर्षाची सक्तमजुरी. संमतिवय दहाचं बारा करणारं विधेयक आलं आणि 1891 च्या मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. मधल्या काही महिन्यांत पुण्यात जे रण माजलं ते आपण इतिहासात वाचतो. टिळकांचा मुख्य मुद्दा परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये हा होता, आणि गुलाम देशात त्या मुद्द्याला वजन होतं हे मला मान्य आहे. पण सनातन्यांचा मुद्दा सरळ पापाचा होता. मुलीला ऋतू प्राप्त झाल्यावर गर्भाधान लांबवलं तर भ्रूणहत्येचं पाप लागतं, आणि हा कायदा आम्हाला ते पाप करायला भाग पाडतो. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना शास्त्रवचनं काढून दाखवून द्यावं लागलं की बाबांनो, थांबल्याने पाप लागत नाही. केवढा मोठा पंडित, आणि कशासाठी झिजावं लागलं त्या विद्वत्तेला! अकरा वर्षांच्या पोरीला काय झालं हे समोर असताना, तिला वाचवणं शास्त्राला चालतं की नाही हे सिद्ध करण्यासाठी.

एक वाद चहाचा, एक पोरीच्या जिवाचा. साल एकच, गाव एकच, माणसंही बरीचशी तीच. चहाच्या कपासाठी प्रायश्चित्ताची सोय होती. फुलमणीसाठी कुठलं कृच्छ्र, कुठलं चांद्रायण कुणी करायचं? तिच्या मरणाला पापाच्या यादीत घर नव्हतं. मेलेली ती, पण चर्चा बापाला आणि नवऱ्याला काय लागेल याची.

हे वाचताना दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो, आणि लगेच महाडही आठवतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. गुरंढोरं पीत होती तेच पाणी. मग आता हे लोक देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परिषदेहून परतणाऱ्यांना, जेवायला बसलेल्यांना जमावाने झोडपून काढलं. अन्न मातीत मिसळलं, डोकी फुटली. त्यानंतर गावातल्या मंडळींनी शुद्धीकरण केलं. कशाचं, तर तळ्याचं. शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या 108 घागरी मंत्र म्हणत पाण्यात ओतल्या. ज्या हातांनी काठ्या चालवल्या त्या हातांना शुद्धीची गरज आहे असं त्या मंत्र म्हणणाऱ्यांपैकी कुणाला वाटलं असेल का? माझा समज असा की बहुतेकांना त्या रात्री शांत झोप लागली असेल. तळं शुद्ध झालं होतं.

पैसे कापताना न बदललेला काकूंचा तो आवाज आणि ही झोप एका मापाची आहे असं मी म्हणत नाही. पण दोन्हींचं मूळ एकच आहे, असं मला आता वाटतं. धर्मातलं पाप हे माणूस आणि देव, माणूस आणि शास्त्र, माणूस आणि त्याचं स्वतःचं सोवळं यांच्यातलं प्रकरण असतं. ते फेडायचंही तिथेच. गुरुजी सांगतील तो उपास, तो जप, ती यात्रा. ज्याला आपल्यामुळे लागलं, त्याच्या तोंडाकडे बघायची त्यात कुठेही गरज पडत नाही. अन्यायाचं तसं नाही. तिथे समोर एक माणूस उभा असतो, आणि त्याला टाळून ते प्रकरण मिटतच नाही.

अलिबागच्या इस्रायल आळीत आजीची एक मैत्रीण होती. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू, बोलणं आमच्यापेक्षा अस्सल अष्टागरी. तिच्याकडून मी पहिल्यांदा दारफळणीचा सण ऐकला. सबंध दिवस कडकडीत उपास, पांढरे कपडे, दारं लावून घ्यायची, बाहेरच्या कुणाला भेटायचं नाही, दिवसभर देवाकडे पापांची क्षमा मागायची. दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी दानधर्म आणि गाठीभेटी. लहानपणी मला फक्त ती बंद दारं आवडायची. पुष्कळ पुढे समजलं की या दिवसाबद्दल यहुदी धर्मशास्त्रात स्वच्छ सांगून ठेवलंय: माणसाने देवाचे जे अपराध केले ते या दिवसाने फिटतात, पण माणसाने माणसाचे जे अपराध केले ते फिटत नाहीत, जोवर तो त्या माणसाची समजूत घालत नाही. मिश्नेतलं वचन आहे, जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वीचं. इस्लाममध्येही अल्लाचे हक्क वेगळे आणि बंद्यांचे, म्हणजे माणसांचे, हक्क वेगळे, बंद्याचा हक्क मारला तर माफी बंद्याकडेच मागायची. जैनांची संवत्सरीची क्षमायाचना याच जातीची, मग ती आता व्हॉट्सॲपवर एका बोटाने दोनशे जणांना का जाईना. आणि आपल्याकडे तुकोबा: पुण्य परउपकार, पाप ते परपीडा. एवढ्यावर त्यांनी हिशेब मिटवला. त्यात अंडं नाही, चहा नाही, तळ्याचं पाणी नाही. म्हणजे धर्मांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. ठाऊक होतं, लिहिलेलं होतं, गायलेलं होतं. काकू स्वतः भजनी मंडळात हा अभंग टाळ वाजवत म्हणतात, आणि फार गोड म्हणतात.

पापाची भीती निरुपयोगी आहे असंही मला म्हणवत नाही. आमच्या ओळखीच्या एका भाजीवालीने सोन्याची बांगडी परत आणून दिली होती, कोथिंबिरीच्या जुडीत अडकलेली. कुणी बघितलं नव्हतं, कुणी विचारायला आलं नसतं. "पाप कुठं फेडू बाई?" एवढंच तिचं म्हणणं. ही भीती तिच्याकडे नसती तर दुसरं काही असतं का, कोण जाणे. उलट, पाप-पुण्य मागासलेलं म्हणून टाकून दिलेल्या घरांमध्ये आणि ऑफिसांमध्ये कष्टाच्या माणसाचे पैसे जास्त अदबीने दिले जातात, असा माझा अनुभव नाही. तिथे 'पॉलिसी' असते. कंत्राटी माणसाचा पगार तीन-तीन महिने लटकतो आणि कुणाच्याही जिवाला काही होत नाही, कारण नियमात बसतं. काकू निदान कशाने तरी रडू शकतात. ते रडू जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही, याचं दुःख आहे.

गुरुजींनी काकूंना पंचगव्य, एक उपास आणि जमेल तेव्हा एखादी यात्रा असं सांगितलं. त्यांनी आळंदी निवडली आणि मला बरोबर चल म्हणाल्या. भाद्रपदातली दुपार, उकाडा, बारीत तुळशीचा आणि घामाचा मिसळलेला वास. काकूंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. दर्शन झाल्यावर आम्ही सोन्याच्या पिंपळापाशी टेकलो. त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता, त्या अंड्याचं ओझं उतरलं होतं. तेव्हा मी जमेल तितक्या हळू आवाजात मावशींच्या खाड्यांचा विषय काढला. म्हटलं, काकू, तुम्हाला केकचं इतकं लागलं, त्या पैशांचं नाही का वाटत काही? त्या रागावल्या नाहीत. माझ्याकडे नवलाने बघत म्हणाल्या, "अगं, ते वेगळं नि हे वेगळं. तो व्यवहार झाला." आणि पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून अर्धा मला दिला.

व्यवहार. म्हणजे पाप इकडे, गुन्हा तिकडे, आणि मधल्या या लांबरुंद पट्ट्यात आपला सगळा दिवस जातो. मजुरी, भाडं, वाटण्या, सुनेला ठेवलेलं अंतर, म्हाताऱ्या बापाला कोण बघणार याची टोलवाटोलवी. तिथे देव फिरकत नाही आणि पोलीसही. मी पुढे वाद घातला नाही. आजीचा दिवा मात्र त्यांना सांगितला. त्यांनी लक्ष देऊन ऐकला, "भारी होती गं तुझी आजी" म्हणाल्या, आणि बराच वेळ लाडवाचा कागद घडी घालत बसल्या. त्यापुढे मावशींना काय मिळालं किंवा नाही मिळालं, ते मी त्यांना विचारलेलं नाही.

मी त्या पिंपळाकडे बघत होते. बायका प्रदक्षिणा घालत होत्या, ज्ञानेश्वरांच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, घातल्या म्हणतात तशाच. ही कथा मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय, पण त्या दिवशी ती मला पहिल्यांदा बोचली. विठ्ठलपंत तरुण बायकोला मागे टाकून काशीला गेले, आपल्याला बायको नाही असं गुरूंना सांगून त्यांनी संन्यास घेतला. ती इथे वर्षानुवर्षं या झाडाभोवती फिरत राहिली. पुढे गुरूंनी तिला 'पुत्रवती भव' म्हटलं, खरं बाहेर आलं, आणि त्यांनी शिष्याला परत पाठवलं. पंत परतले, संसाराला लागले, चार मुलं झाली. आळंदीच्या ब्रह्मवृंदाला पाप दिसलं ते या परतण्यात. बायकोला फसवून जाणं, गुरूशी खोटं बोलणं, यासाठी कुणी वाळीत टाकलं नव्हतं. गेलेला माणूस चूक दुरुस्त करायला घरी आला, ते मात्र इतकं मोठं पातक ठरलं की देहान्त प्रायश्चित्तावाचून उतारा नाही. पंतांनी ते घेतलं. रुक्मिणीबाईंनीही त्यांच्याबरोबर घेतलं. मागे राहिलेल्या पोरांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली.

या साऱ्या प्रकरणात जर कुणाचा खरोखर अपराध झाला असेल तर तो तिचा. तिच्याशी दगा झाला होता, आणि तो फेडलाही तिच्यापाशीच येऊन गेला होता. तिची तक्रार उरली होती का, तिने माफ केलं होतं का, नवऱ्यासाठी ठरलेलं मरण तिला मान्य होतं का? मी इतकी कीर्तनं ऐकली आहेत. निवाड्याच्या त्या सभेत रुक्मिणीबाईंना बोलावून कुणी हे विचारलं, असं एकाही बुवांच्या तोंडून माझ्या ऐकण्यात आलेलं नाही.